चौथ्या रकान्यातलं नाव

ज्या कागदाला मी मनसोक्त शिव्या घातल्या, त्याच कागदाला आज हात जोडतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मधे मी कुणावर खेकसलो तर तुम्ही मला अगदीच खवीस समजणार नाही. खेकसायची मला खोड आहे. पंधरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढली. तिथं हळू बोललेलं इंजिनांच्या आवाजात कुणाला ऐकूच जायचं नाही.

पेन्शन घेऊन गावी आलो आणि वायरमनचं लायसन काढलं. नोकरी कुणाची धरली नाही. एक सायकल, मागच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी आणि पेटीवर पांढऱ्या रंगात 'जोतीराम बागल, वायरमन', एवढंच माझं दुकान. आधी तीन वर्षं वडूजच्या आसपास विहिरींवर मोटारी बसवल्या. मग त्र्याहत्तर साली सांगलीला आलो. का आलो ते पुढं येईलच, कारण ते लपवून ही गोष्ट सांगता येत नाही.

पंच्याहत्तरच्या माघात कुपवाडला बाळगोंडा पाटलांच्या हळदीच्या गिरणीचं फिटिंग मी पुरं केलं. बाळगोंडा शेठ म्हणजे कृष्णाकाठचे जैन शेतकरी, मळ्यात हळद पिकवता पिकवता गिरणीत पडलेले. माणूस सज्जन, पण काटकसरी इतका की माझ्या कापलेल्या वायरींचे तुकडेसुद्धा डब्यात भरून ठेवायचा. शिजवून वाळवलेली हळद तिथं मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवायची. साल घासली जाते, वर हळदीचंच पाणी मारलं की बाजारात उठून दिसणारा रंग चढतो. असे दोन ढोल, दोन मोटारी आणि एक चक्की. लोखंड, पाणी आणि वीज, तिन्ही एकाच पत्र्याखाली.

सगळं जोडून मी हात पुसत होतो, तेवढ्यात शेठ म्हणाले, "जोतीराम, एक कागद लिहून पायजे की."

"कसला कागद?"

"विमावालं सायेब येऊन गेलं. म्हणालं, ज्यानं फिटिंग केलंय त्यानंच लिहून द्यायचं. गिरणीत धोका कुठं हाय, कुणाला हाय, त्याला उपाव काय केला आन ते रोजच्या रोज बघायची जबाबदारी कुणाची. चार रकानं. खाली तुझी सही."

"मी काम केलंय, शेठ. काम बघा म्हणावं त्यास्नी. लिवणं माजं काम न्हवं."

"कागद न्हाई तर विमा न्हाई म्हणाला त्यो. आन विम्याबिगार मी ढोल फिरवणार न्हाई, गड्या. तीस माणसं हायत आत."

त्या विमावाल्याला मी मनात काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला भर उन्हात खांबावर चढायला सांगा, चढेन. विहिरीत उतरायला सांगा, उतरेन. पण रूळ घेऊन रकाने आखायला सांगितले की माझं डोकं फिरतं. धोका वायरमनच्या बोटांना कळतो, तो कागदावर उतरवून कुणाचं भलं होणार, असं माझं पक्कं मत होतं. तरीही तीस माणसांचं नाव निघाल्यावर मी कबूल झालो. शेठनी ताव, रूळ आणि पेन्सिल माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन गिरणीत फिरायला लागलो. आता खरं सांगायचं तर पहिल्या अर्ध्या तासातच मला माझी लाज वाटली. हळदीच्या पाण्याची बादली मेन स्विचच्या बरोबर खाली ठेवलेली होती, आणि ती तिथं असते हे मला आठ दिवस तिथं राबून दिसलं नव्हतं. लिहायचं म्हणून बघितलं तेव्हा दिसलं. बादली हलवली, कागदावर लिहिलं. मोटारीच्या पट्ट्याला जाळी नव्हती, तेही लिहिलं.

पहिल्या ढोलापाशी एक बाई झाडत होती. केसांपासून पायापर्यंत हळदीनं पिवळी, नाकातोंडावर पदर बांधलेला.

"मावशी, जरा बाजूला व्हा," मी खेकसलो. "लिवायचं काम चाललंय."

"काय लिवताय?"

"धोका."

"वाचा की."

मी वैतागून वाचलं, "धोका, मोटारीची वीज लोखंडी ढोलात उतरणे. कुणाला, कामगारांना."

तिनं झाडू थांबवला. "आन जनावराला?"

"हितं कुठली आली जनावरं?"

"हळदीच्या गाड्या येत्यात न्हवं? बैलं ह्या ढोलाच्या आडालाच सोडत्यात, सावली हाय म्हणून. मुक्या जनावराला काय कळतंय? गार लोखंड दिसलं की तोंड लावतंय ते."

तिनं तोंडावरचा पदर खाली ओढला. ती वडूजकडच्या कोंडीबा आण्णाची बायको मनुबाई होती.

आता ते त्र्याहत्तर सांगायला हवं. वडूजपासून तीन कोसांवर कोंडीबा फडतऱ्यांची विहीर. तिच्यावर मोटार मी बसवलेली. त्या दुष्काळात विहिरीच्या तळाला थोडंसं पाणी साचायचं, मोटार घटकाभर चालायची आणि अख्खी वस्ती त्यावर तहान भागवायची. मोटारीची वीज कधी लोखंडात उतरलीच तर तिला जमिनीत जायला वाट लागते. म्हणून शेजारी माणूसभर खोल खड्डा खणायचा, मधे जस्ताचा पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा आणि मोटारीचं लोखंड तारेनं त्या पाइपाला जोडायचं. याला अर्थिंग म्हणतात. ही वाट ओली असली की वीज सगळी तिकडं धावते, धाडकन फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. वाट कोरडी पडली की फ्यूज उडत नाही. वीज लोखंडातच दबा धरून बसते, कुणीतरी हात लावेपर्यंत. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात रोज पाणी ओतायचं असतं.

हे मला माहीत होतं आणि मी ते कोंडीबा आण्णाला सांगितलं नव्हतं. लष्करात त्या कामाला वेगळा माणूस असायचा. इथंही कुणीतरी ओतेलच, असं मी गृहीत धरलं. आण्णाची एक म्हैस होती, दुष्काळात स्वतःच्या घासातला घास घालून जगवलेली. ती मोटारीच्या ओल्या तोटीला तोंड लावायला गेली आणि जागच्या जागी आडवी झाली.

मी सायकल हाणत गेलो. आण्णानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "म्हसच गेली, जोतीराम. तिच्या जागी पोरगं असतं तर काय केलं असतं?" आणि मनुबाईनं मला गुळाचा कोरा चहा दिला. दूध कुठून येणार? तो चहा काही मला पचला नाही. पुढच्या महिन्यात मी पेटी सायकलला बांधली आणि सांगली गाठली. लोकांना सांगितलं की तिकडं काम जास्त आहे.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमी हितं कवा आलासा?"

"तुमच्या मागनंच, भावजी. म्हस गेल्यावर तिथं ऱ्हायलं काय हुतं? हे मार्केट यार्डात हळदीची पोती उचलत्यात, मी हितं झाडते." तिच्या आवाजात कुठं टोचणी नव्हती. "लिवा, जनावरास्नी बी लिवा."

मी 'कामगारांना'च्या पुढं 'आणि जनावरांना' असं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

तीन रकाने झाले. चौथ्यात गाडी अडली. मेन स्विच आणि फ्यूज बघायला मी स्वतः, दर महिन्याला येणार. पट्ट्याची जाळी ढोलावरचा बाळासो बघणार. राहिली शेवटची ओळ. 'अर्थिंगच्या खड्ड्यात रोज सकाळी दोन कळशा पाणी घालणे.' जबाबदार कोण?

"माझं नाव टाक," शेठ म्हणाले.

"तुमी चार दिस यार्डात, दोन दिस मळ्यात. पाणी कोण वतणार?"

"मग बाळासोचं टाक की."

बाळासो ढोलावरनंच ओरडला, "मला काय काम न्हाई व्हय? पाणी वतायला बायका हायत्या की!"

माझं टाळकं सरकलं. या एका ओळीवर माझं सगळं होतं. बाकीच्या फिटिंगमध्ये चूक निघाली असती तर मी सोसली असती, पण माझ्या हातचा दुसरा खड्डा कोरडा पडता कामा नये, एवढी एकच गोष्ट मला या जगात हवी होती. मी म्हणालो, "ह्या रकान्यात माणसाचं नाव पडल्याबिगार मी सही करणार न्हाई. मग तुमचा विमा गेला खड्ड्यात."

"माजं नाव लिवा," मनुबाई म्हणाली.

शेठनी तिच्याकडं बघितलं. "मनुबाई, ध्यानात ऱ्हाईल का? रोजचं हाय की ते. सणाला, सुट्टीला बी यावं लागंल."

"ऱ्हाईल."

ती शेठशी बोलत होती, पण बघत होती माझ्याकडं. मी मान खाली घातली आणि जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'मनुबाई कोंडीबा फडतरे.'

"वाचा," ती म्हणाली. मी वाचलं.

"परत वाचा." मी परत वाचलं.

"रेशनकार्डावर हाय माजं नाव," ती म्हणाली, "पर कामाफुडं कुठं न्हवतं."

मग मी तिला खड्ड्याशी नेलं. पाइपाच्या तोंडावर पत्र्याचं नरसाळं बसवलेलं होतं, त्यातून पाणी कसं सोडायचं, भोवतीचा कोळसा ओला आहे ते हात घालून कसं बघायचं, सगळं दाखवलं. तिनं एकदाच ऐकलं. खाली सही ठोकून कागद मी शेठच्या हवाली केला, शेठनी विमावाल्याच्या हवाली केला आणि ढोल फिरायला लागले.

पाडव्यानंतर आठेक दिवसांनी गिरणीतून बोलावणं आलं. मी पोचलो तर सगळे ढोल सोडून अंगणात उभे आणि मधे बाळासो उताण्या हाताकडं बघत बसलेला.

"नुसती मुंगी आली हाताला, वायरमन," तो म्हणाला, "आन धाड! फ्यूज उडाला. ढोल जागच्या जागी थांबला."

मी मोटार उघडली. हळदीचं पाणी झिरपून आतली तार भिजली होती, तिच्यावरचं वेष्टण जळून ती मोटारीच्या लोखंडाला चिकटली होती. बाळासोचे दोन्ही हात त्या वेळी ढोलावर होते. पायाखाली ओली फरशी होती. म्हणजे खड्डा कोरडा असता तर आज अंगणात वेगळीच गर्दी असती. डोळ्यांत पाणी आलं, ते हळदीच्या धुळीवर ढकललं.

मनुबाई नळापाशी कळशी घासत होती. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. तोंडातून काय निघालं तर, "वहिनी, पाणी घालताय न्हवं रोज?"

"व्हय," ती म्हणाली आणि कळशी घासत राहिली.

बाळासोला मी अर्थिंग म्हणजे काय ते सविस्तर समजावून सांगितलं, आणि तिथंच माझं चुकलं. त्याला एवढंच कळलं की खड्ड्यानं जीव वाचवला. आमच्या मुलखात जीव वाचवणाऱ्याला देव व्हायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी खड्ड्याशेजारी एक गुळगुळीत दगड आला. तिसऱ्या दिवशी त्याला शेंदूर लागला, नारळ फुटला आणि नावही पडलं, अर्थोबा! कामावर येणारा जो तो आधी अर्थोबाला हात जोडायचा आणि मग ढोलाला हात लावायचा.

शेठ म्हणाले, "आमच्यात शेंदूर न्हाई की. पर उपकार झालेत ते झालेतच. फोडा नारळ." मलाही गंमत वाटली. जन्मभर खड्डे खणले, त्यातल्या एकाला तरी मान मिळाला.

मग चैत्र सरता सरता मला साताऱ्याला एका वसतिगृहाचं वायरिंग मिळालं. तीन आठवडे तिकडं होतो. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, भोवती बिनचुन्याच्या भिंती, आणि मनात रोज एकच की मनुबाईला नीट दोन शब्द बोलायचे राहून गेले. परत निघताना मुद्दाम कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. एसटीतून सांगलीला उतरलो तो घरी न जाता थेट कुपवाडला गेलो.

गिरणी जोरात चालली होती. दोन्ही ढोल फिरत होते, बैलगाड्यांची रांग लागली होती. मी मागं खड्ड्याकडं गेलो आणि पुडा हातात धरून तिथंच खिळलो. खड्डा नव्हता! त्या जागी कमरेएवढा सिमेंटचा कट्टा होता, वर पांढऱ्या फरश्या, मधोमध शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्यावर छोटी पत्र्याची छत्री. नरसाळं, पाइप, कोळसा सगळं सिमेंटखाली गडप.

"कसा झालाय कट्टा?" मागून शेठ आले. तोंडावर आनंद मावत नव्हता. "अक्षय तृतीयेला बसवला की. सिमेंट मी दिलं. म्हटलं, माझ्या माणसाचा जीव राखलाय त्यानं, उघड्यावर कशाला ठेवायचा?"

हा माणूस वायरीचे तुकडे जपून ठेवणारा, आणि त्यानं सिमेंटची पोती दिली होती. आज ते आठवलं की मला भरून येतं. त्या वेळी मात्र मी असा ओरडलो की गाड्यांची बैलं बिचकली.

"शेठ, देवाला तहानेनं मारलंसा तुमी!"

मी धावत आत गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. ढोल घरघरत थांबले. "कुणी लोखंडाला हात लावायचा न्हाई! पहार आणा. कट्टा फोडायचाय."

बाळासो कट्ट्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "कट्ट्याला हात लावायचा न्हाई, वायरमन. माजा जीव राखलाय त्यानं."

"आरं येड्या, तुजा जीव ह्या दगडानं राखला न्हाई! त्या खड्ड्यातल्या पाण्यानं राखला. ते पाणी तुमी बंद केलं. कट्टा बांधून किती दिस झालं?"

"पंधरा," शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "पाणी घालायचं असतंय, हे ध्यानातनंच गेलं की, जोतीराम."

"कागदावर लिवून दिलंय! वाचला न्हाईसा?"

"कागद त्या सायेबाला दिला की."

खरंच की. तो कागद मी लिहिला, शेठनी घडी घातली आणि साहेबानं बॅगेत टाकला. तो कुणी वाचलाच नव्हता. वैशाखातले पंधरा दिवस, कोरडा खड्डा आणि ढोलावर रोज माणसं. मला ती तोटी दिसायला लागली आणि तिच्याखाली आडवी झालेली म्हैस.

कट्टा फोडण्याआधी खड्डा किती मेलाय ते तरी बघावं म्हणून पेटीतून दोनशे वॅटचा बल्ब काढला. बाकी सगळं तोडून ठेवलं, मेन स्विचच्या आतून एक वायर घेतली आणि दुसरी अर्थिंगच्या तारेला लावली. ही आमची साधी परीक्षा असते. खड्डा जिवंत असेल तर बल्ब लख्ख लागतो, वाळला असेल तर नुसता लाल होतो. बाळासोला म्हणालो, "वड स्विच वर."

बल्ब लख्ख लागला.

मी डोळे चोळले. वायरी काढल्या, परत लावल्या. परत लख्ख. पंधरा दिवस सिमेंटखाली बंद असलेला खड्डा, भर वैशाखात! बाळासोनं लगेच कट्ट्याकडं वळून हात जोडले. मला मात्र देव एवढ्या लवकर पावत नाही. मी कट्ट्याला वळसा घालून मागं गेलो. कट्टा आणि गिरणीची भिंत यांच्यामध्ये हातभर बोळ होता. तिथली माती ओली होती. कट्ट्याच्या बुडाशी खुरप्यानं उकरलेलं एक भोक होतं, आणि त्यात फुटकं मंगलोरी कौल तिरकं बसवलेलं. पाणी कौलावरून घरंगळत थेट कोळशात जात होतं.

बोळाच्या तोंडाशी मनुबाई उभी होती. पदराचं टोक तोंडात धरलेलं.

"हे तुमी केलंसा, वहिनी?"

"गवंड्याला सांगितलं मी, पाइप उगडा ठेव म्हणून. त्यो म्हणाला, देवाच्या डोस्क्यावर नरसाळं कुठं असतंय का? मंग सगळी गेल्यावर मागनं उकरलं. सकाळी भोंग्याच्या आदी येऊन वतते." ती घाबरली होती. "देवाच्या बुडाला खुरपं लावलं, भावजी. हितं कुणाला सांगू नगा. पर मी काय करू? कागदावर माजं नाव हाय."

मी तिथंच मातीत बसलो. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं.

"वहिनी, तवा विहिरीवर खड्ड्यात पाणी घालायचं असतंय, हे मी तुमाला सांगितलंच न्हवतं. मला ठावं हुतं. तुमची म्हस माज्यामुळं गेली."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"ह्या कागदाच्या दिशी तुमी मला खड्डा दावला न्हवं, तवा कळलं. त्या दिशी घरी जाऊन ह्यास्नी सांगितलं. हे म्हणालं, त्यानं तवा सांगितलं असतं तर आपून पिण्याचं पाणी खड्ड्यात वतलं असतं का? मी म्हटलं, वतलं असतं. एक कळशी तरी वतली असती. भावजी, तवा सांगितलं न्हाईसा. ह्या बारीला लिवून दिलंसा न्हवं? झालं की मग."

मी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं धरला. तिनं एक पेढा उचलला, वास घेतला. "म्हशीच्या दुधाचं हायत," असं म्हणाली आणि अर्धा मोडून मला दिला. मी तो तिथंच खाल्ला. दोन वर्षं घशात अडकलेला तो कोरा चहा त्या दिवशी खाली उतरला असं मला वाटलं.

कट्टा फोडला नाही. वहिनींना विचारून मी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून मनुबाईला नमस्कार केला आणि कोपऱ्यातली एक फरशी स्वतःच्या हातानं उचकटली. तिथून छिन्नीनं सिमेंट फोडून पाइपाचं तोंड मोकळं केलं आणि नवं नरसाळं बसवलं. बाळासोनं विचारलं, "देवाला चालंल का?" मी म्हणालो, "रोजची अंघोळ कुठल्या देवाला नको असती रं?" पण पाणी घालायचं काम कुणी मनुबाईकडून मागून घेतलं नाही, आणि मागितलं असतं तरी तिनं दिलं नसतं.

मग शेठच्या टेबलावर बसून मी तो कागद पुन्हा लिहून काढला, गिरणीच्या भिंतीवर लावायला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. रूळ घेतला, चार रकाने आखले. विमावाल्या साहेबाला मनातल्या मनात हात जोडले, बिचाऱ्यानं माझ्या शिव्या फुकटच खाल्ल्या होत्या. एक ओळ नवीन घातली, 'अर्थिंगच्या खड्ड्यावर काहीही बांधू नये, देवाचं सुद्धा.' लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मला लिहायचा कंटाळा आलेला नाही.

कागद खिळ्यानं ठोकला तेव्हा गिरणी सुटली होती. माणसं हातपाय धूत होती. मनुबाई कळशी घेऊन भिंतीपाशी आली.

"वाचा," ती म्हणाली.

मी पहिल्यापासून वाचलं. तिचं नाव आलं तेव्हा दोनदा वाचलं.

"जनावरं लिवलीसा न्हवं?"

"लिवली, वहिनी. ह्या बारीला सगळ्यात आदी तीच लिवली."

तिनं मान हलवली, कळशी कमरेवर घेतली आणि नळाकडं गेली.